आज माझाच पोपट झाला

ऑफिसातल्या नव्या पोराच्या ईमेलमध्ये 'डिसइंटरेस्टेड' वाचलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. त्याला शेजारी बसवून ऐकवलं, "अरे, याचा अर्थ 'रस नसलेला' नव्हे, 'निःपक्षपाती'. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड नसावा." पोरगं निमूटपणे "हो सर" म्हणालं.

घरी येऊन सहज डिक्शनरी उघडली. तर हा शब्द १७व्या शतकातच 'रस नसलेला' या अर्थानेही वापरात होता! म्हणजे मी जिला आजकालच्या पोरांची चूक म्हणत होतो, ती चारशे वर्षं जुनी.

मग काय, जेवण गार होईपर्यंत तेच. 'नाइस' म्हणजे मुळात अडाणी, मूर्ख. 'सिली' म्हणजे एके काळी चक्क सुखी, पुण्यवान! 'डेसिमेट' म्हणजे रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दहातल्या एकाला मारणं. आता सरसकट धूळधाण. 'लिटरली'चं तर विचारूच नका. 'हसून हसून लिटरली मेलो' म्हणणारे ठणठणीत फिरतायत आणि डिक्शनऱ्यांनी तो अर्थही नोंदवून घेतलाय. याला मात्र माझा विरोध कायम आहे. कारण विचारू नये.

प्रश्न एवढाच, की त्या पोराचा ईमेल मी 'दुरुस्त' करून वरच्या साहेबांना पाठवूनही दिलाय.