बुजवलेली दोन भोके आणि एक झिजलेला आकडा : पिकेलहाउबेच्या ओळखीचा पुढचा टप्पा

मागच्या नोंदीत माझे हे पिकेलहाउबे, म्हणजे टोक असलेले जुने जर्मन लष्करी शिरस्त्राण, प्रशियन पायदळाचे, 1908 सालचे आणि बहुधा कासेलच्या 83 क्रमांकाच्या रेजिमेंटचे असल्याचे मी जवळजवळ ठामपणे लिहिले होते. त्यातली दोन विधाने या पंधरवड्यात मोडीत निघाली आहेत आणि तिसरे डळमळते आहे, म्हणून चामड्याच्या डागडुजीची ठरलेली नोंद पुढे ढकलून आधी हे लिहितो.

गेल्या रविवारी मी प्रथमच वाप्पेन, म्हणजे शिरस्त्राणाच्या पुढचे पितळी गरुडचिन्ह, पूर्ण उतरवले. आजवर ते उतरवायला मी धजत नव्हतो, कारण मागच्या दोन पितळी कड्यांत ठोकलेल्या चामडी पाचरी वाळून लाकडासारख्या झाल्या होत्या आणि ओढताना डाखच सुटायचा धोका होता. शेवटी बांबूची सपाट काडी घासून पातळ केली आणि पाचरीच्या रुंद टोकाकडून एका वेळी केसभर अशी ढकलत गेलो. पाऊण तासाने दोन्ही पाचरी अखंड निघाल्या. या कामाला धातूचे कोणतेही हत्यार वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बांबू चामड्यावर ओरखडा पाडत नाही आणि हात घसरलाच तर आधी स्वतः मोडतो.

गरुड हातात आला तेव्हा समाधान वाटले. पट्टीवरची 'मिट गॉट फ्यूअर क्योनिग उंट फाटरलांट' (देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी) ही अक्षरे मागच्या बाजूनेही धारदार उमटली आहेत, छातीवरच्या एफ-आर या मुद्राक्षरांच्या खाचांत जुन्या पॉलिशचा हिरवट थर बसला आहे, आणि कडीभोवतीचा डाख काळवंडलेला, कडेला किंचित भेगाळलेला आहे. भारतात तयार होऊन जगभर विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींपैकी दोन मी पुण्यात असताना हाताळल्या होत्या. त्यांतल्या पितळेचा जाड पत्रा, बोथट पिसे आणि कडीऐवजी लावलेले स्क्रू ज्याने एकदा पाहिले, त्याला हा गरुड नकली आहे असे म्हणवणार नाही. साध्या शिपायाच्या वाप्पेनला कड्या आणि पाचरी, अधिकाऱ्याच्या वाप्पेनला आटे पाडलेले खुंट आणि चाक्या, हा फरक नवख्या संग्राहकाने सर्वांत आधी शिकावा.

समाधान मात्र मिनिटभरच टिकले. गरुडाखालच्या काळ्या चामडी कवचात त्याच्या स्वतःच्या दोन भोकांखेरीज आणखी दोन भोके होती. ती चामड्याच्या गोल चकत्यांनी बुजवून वरून काळी लाखी (लाकर) फिरवलेली होती. ही जोडी सध्याच्या भोकांपेक्षा प्रत्येक बाजूने 9 मि.मी. आत आणि 4 मि.मी. वर आहे, म्हणजे या कवचावर कधीकाळी दुसरेच वाप्पेन होते.

आपल्या छंदात अशी भोके दिसली की बहुतेक जण वस्तू खाली ठेवतात. राजकीय दृष्ट्या एक झालेल्या जर्मनीतही प्रत्येक राज्याच्या फौजेचे वाप्पेन वेगळे होते. बव्हेरियाचे सिंहांनी धरलेले राजचिन्ह, सॅक्सनीचा तारा, वुर्टेम्बर्गचे हरणाचे चिन्ह, हेसनचा पर्णमालेतला सिंह. त्यांच्या कड्यांची जागा सारखी नसते, आणि एका कवचावर दुसऱ्याचे वाप्पेन बसवून 'जुळलेला नग' म्हणून विकणे हा जुना धंदा आहे. ज्या विक्रेत्याकडून मी हे घेतले त्याने 'सर्व भाग मूळचे' असे लिहून दिले होते. त्याला वाप्पेनखाली काय आहे ते माहीत होते की नव्हते हे मला सांगता येत नाही, पण यापुढे वाप्पेनमागचे छायाचित्र मिळाल्याशिवाय मी पैसे देणार नाही.

रात्री झोप लागली नाही, म्हणून चकत्यांकडे पुन्हा वळलो. अतिनील दिव्याखाली आजचे कृत्रिम गोंद बहुतेकदा निळसर पांढरे चमकतात. येथे भोकांच्या कडा आजूबाजूच्या पृष्ठभागाइतक्याच निस्तेज राहिल्या. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण जुन्या पद्धतीचा सरस आजही विकत मिळतो. खरा पुरावा दहापट भिंगातून दिसला. कवचावरच्या लाखीला सर्वत्र बारीक चिरांचे जाळे पडले आहे, आणि डाव्या चकतीजवळची एक चीर कवचावरून येते, चकतीच्या कडेवर जराशी वाकते, चकतीच्या मधून जाते आणि पलीकडे पुन्हा कवचावर निघते. तिची रुंदी कुठेही बदलत नाही. चकतीवरची लाखी पुढे कोणी स्वतंत्रपणे लावली असती, तर ती चीर तिच्याखाली दबली असती किंवा कडेशी थांबली असती. म्हणजे भोके बुजवल्यानंतर कवचाचा निदान हा पुढचा भाग एकाच हाताने रंगवला गेला आणि मग सगळा मिळून म्हातारा झाला. अशी दुरुस्ती मला दुकानदारापेक्षा लष्करी कपडेपुरवठा कचेरीच्या कारागिराची अधिक वाटते.

ती कचेरी कोणती हे शिक्क्यावरून आधीच ठरले होते. मागच्या झापेच्या आत 'बी.ए. XI' म्हणजे अकराव्या आर्मी कोअरच्या कासेलच्या बेक्लायडुंग्सआम्टचा (कपडेपुरवठा कचेरीचा) ठसा आहे, आणि त्याखालच्या वर्षाचा पहिला व शेवटचा आकडा वाचता येतो. दुसरा पूर्ण झिजला आहे, तिसरा मी शून्य वाचला होता, आणि त्यामुळेच 1908 हे साल ठरवून बसलो होतो. या वेळी खोलीत अंधार केला, एलईडी विजेरी चामड्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडला आणि शिरस्त्राण हळूहळू फिरवत राहिलो. चौथ्या दिशेला आल्यावर त्या शून्याच्या उजव्या खालच्या अंगाने एक लहानशी शेपटी सावलीत उमटली. ते शून्य नसून नऊ आहे. साल 1898 आहे.

दहा वर्षांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण नेमक्या त्याच दहा वर्षांत सगळे दडले आहे. हेसनच्या ग्रँड ड्यूकची 25 वी डिव्हिजन, म्हणजे डार्मश्टाटची 115, गीसनची 116, माइन्झची 117 आणि वर्म्सची 118 ही पायदळ रेजिमेंट, 1899 पर्यंत याच अकराव्या कोअरमध्ये होती. 1 एप्रिल 1899 रोजी फ्रांकफुर्टला अठरावी कोअर उभी राहिली आणि हेसनचे लोक तिकडे गेले. त्यामुळे 1908 सालच्या 'बी.ए. XI' ठशाचे शिरस्त्राण मुळात हेसनचे असणे अवघड होते, तर 1898 सालचे असणे सहज शक्य आहे. मग पुढे कासेलच्या कोठारात राहिलेले किंवा परत आलेले हे कवच भोके बुजवून, गरुड चढवून प्रशियन पलटणीला दिले गेले, असा माझा आजचा तर्क आहे.

या तर्काला लगेच एक अडसरही आहे. रेजिमेंटच्या ठशात 'आर' तेवढे शिल्लक आहे, आणि त्याच्या आधीची जागा कॅलिपरने मोजली तर ती दोन आकड्यांपेक्षा तीन आकड्यांची निघते. त्यामुळे 83 बाद होते, याचा मला मनापासून खेद आहे, कारण वॉल्डेकच्या आरोल्झेनला त्या पलटणीची जुनी छावणी मी मुद्दाम पाहून आलो होतो. तीन आकड्यांत 115 ते 118 बसतात. पण कासेललाच तळ असलेली, 1897 साली उभी राहिलेली 167 क्रमांकाची रेजिमेंटही बसते आणि ती प्रशियन गरुडच घालत असे. तिचेच हे शिरस्त्राण असेल तर आतली भोके हेसनच्या सिंहाने समजावता येत नाहीत, आणि मला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागेल.

कोकार्डे, म्हणजे दोन्ही बाजूंना लावायच्या रंगीत गोल चकत्या, येथे मदत करतील असे वाटले होते. 1897 पासून उजवीकडे राइखचे (जर्मन साम्राज्याचे) काळे-पांढरे-लाल आणि डावीकडे राज्याचे कोकार्डे लावत. प्रशियाचे काळे-पांढरे-काळे, हेसनचे पांढरे-लाल-पांढरे. माझ्याकडचे डावे प्रशियन आहे, पण हनुवटीच्या पट्ट्याबरोबर ते दोन मिनिटांत बदलता येते, त्यामुळे त्याची साक्ष मी धरत नाही. तरीही त्याच्या दातेरी कडेत भिंगातून लाल रंगाचा काही अंश दिसतो का ते पाहिले. दिसला नाही.

हे लिहितानाच एक गोष्ट सुचली. गरुडाच्या पंखांखाली झाकलेली लाखी जितकी गडद आहे, तितकीच गडद पण गोलसर छाया आतल्या भोकांभोवतीही असायला हवी, जर पूर्वीचे वाप्पेन काही वर्षे उन्हात राहिले असेल आणि नवी लाखी पातळ असेल. नवा हनुवटीचा पट्टा आणि पाचरी यांची मागणी मी आज रद्द करतो आहे. आधी तिपाईवर कॅमेरा लावून अवरक्त छायाचित्रे घेईन. त्यासाठी जुन्या कॅमेऱ्याचा फिल्टर काढून देणारा एक कारागीर कासेलमध्येच सापडला आहे. तोवर चामड्याला कोणतेही तेल लावणार नाही, कारण तेलाने लाखी मऊ पडते आणि चिरांचा पुरावाच पुसला जातो. बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात पुरेल, तोही छायाचित्रांनंतर.

ज्यांच्याकडे शिपायाचा हेसनचा सिंह आहे, त्यांनी तो न उतरवता, आतून पाचरींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आणि पुढच्या झापेच्या शिवणीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये कळवावी. माझ्या बुजवलेल्या जोडीची तीच दोन मापे मी पुढील आठवड्यात तीनदा मोजून, छायाचित्रांसह देईन. ती आधी सांगत नाही, कारण आपले माप माझ्या आकड्याकडे पाहून घेतलेले नसावे.