तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर व्हायच्या आधीच वस्तीत जाऊन करता काय?

हा प्रश्न नातेवाईकांपासून ज्युनियर्सपर्यंत सगळे विचारतात. "अजून तर शिकतेयस, मग दर रविवारी वस्तीत जाऊन करतेस तरी काय? गरिबांवर हात साफ करून घेता का?" शेवटचं वाक्य सगळे बोलून दाखवत नाहीत, पण चेहऱ्यावर असतंच. आणि खरं सांगू का, शंका रास्त आहे, तसं होतं सुद्धा.

म्हणून आधी काय करत नाही ते. आम्ही औषध लिहून देत नाही, आणि कुणी कितीही डॉक्टर डॉक्टर केलं तरी मी अजून शिकतेय हे आधी सांगून टाकायचं. सोबत आमच्या डॉक्टर मॅडम असतात, निर्णय त्यांचा, सही त्यांची. आम्ही वजन, बीपी, साखर बघतो, वहीत लिहितो आणि भरपूर ऐकून घेतो.

पहिल्याच दिवशी मी बीपी चुकीचं मोजलं होतं. एक मावशी भरलेली बादली घेऊन दोन जिने चढून आल्या, मी लगेच बीपीचा पट्टा बांधला, तोही बाहीवरून, आणि वर माझे प्रश्न चालूच. 168 वर 98. मावशींचा चेहरा खाडकन उतरला. मॅडमनी काही न बोलता त्यांना पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या पातळीला, पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग 136 वर 84! मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि एकदा आकडा जास्त आला म्हणून माणूस लगेच बीपीचा पेशंट होत नाही, साधारणपणे वेगवेगळ्या दिवशी मोजून 140 वर 90 किंवा त्याहून जास्त येतंय का ते बघावं लागतं, म्हणजे परत जाणं आलं आणि सगळं घोडं इथेच अडतं. एका दिवसाचे मोठे कॅम्प मी पण केलेत, मंडप, टीशर्ट, ग्रुप फोटो, आणि साखर 280 निघालेल्या माणसाला एक चिठ्ठी देऊन आपण घरी, त्याच्या झोपेचं मात्र खोबरं. नंतर तो कुठे गेला, गेला की नाही, कुणाला माहीत.

परत परत गेलं की मग गोष्टी कळायला लागतात. एका काकांचं बीपी गोळ्या चालू असून खाली येईना. तीन रविवार "घेतो की रोज" हेच उत्तर. चौथ्या वेळी हळूच म्हणाले, ती लघवीची गोळी आहे ना, ती सोडतो, सकाळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं, संडास गल्लीच्या टोकाला आणि तिथे ही लाइन. आम्ही त्या गोळीचे साइड इफेक्ट घोकले होते, सोडियम, पोटॅशियम, युरिक ॲसिड सगळं, संडासची लाइन त्यात कुठेच नव्हती. मॅडमनी गोळी बदलली, बीपी आलं खाली.

आजार माणूस कसा आणि कुठे राहतो त्याच्याशी जोडलेला असतो, हे काही आमचं संशोधन नाही बरं का. 1848 मध्ये विर्चो नावाचा तरुण जर्मन डॉक्टर टायफस नावाच्या तापाची साथ बघायला अप्पर सायलेशिया या तेव्हाच्या प्रशियातल्या गरीब भागात गेला आणि रिपोर्टमध्ये उपाय म्हणून शिक्षण आणि लोकशाही लिहून आला. आणि 1971 मध्ये ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरने लिहिलं की चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त तिथेच ते कमी मिळतात. परीक्षेत दोन मार्कांना येतं हे, मला कळलं ते काकांमुळे.

मग फायदा कुणाचा, वस्तीचा की तुमचा? आत्तापर्यंत तरी आमचाच जास्त. मागच्या वर्षी परीक्षा आल्या आणि दोन महिने आम्ही कुणी फिरकलोच नाही. नंतर गेलो तर काकांनी बीपी लिहायचं त्यांचं कार्ड पुढे केलं, आठ रविवारच्या तारखा त्यांनी स्वतः पेनाने टाकलेल्या आणि समोरचे रकाने कोरे. बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून दोन बॅच मिळून पाळ्या लावतो, एकीची परीक्षा असली की दुसरी जाते, आणि पुढच्या रविवारी कोण येणार त्याचं नाव कार्डावर आधीच लिहून येतो.