चेंडूवर लिहिलेलं नाव

११ नोव्हेंबर, रात्र

पोराची जर्सी बादलीत भिजत घातली आहे. कोपराजवळ गवताचा हिरवा डाग पडलाय, दोनदा घासूनही निघाला नाही. यंदा तो शाळेच्या टीममध्ये आहे, अमेरिकन फुटबॉलच्या. पेनसिल्व्हेनियात येऊन इतकी वर्षं झाली, पण हा खेळ मी आत्ता कुठे मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिकते आहे.

आज दिवसभर एक जुना फोटो डोळ्यांसमोरून हलत नाहीये. १९११ सालचा, याच राज्यातल्या कार्लाइल गावच्या टीमचा. जाड स्वेटर घातलेली मुलं, एकही जण हसत नाही. आणि एक चेंडू, त्यावर ठळक अक्षरांत रंगवलंय: १९११, इंडियन्स १८, हार्वर्ड १५.

तो सामना आजच्याच तारखेला झाला होता, तेव्हाही शनिवारच होता. कार्लाइल हे खरं तर कॉलेज नव्हतंच. अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या, म्हणजे ज्यांना तिथे ‘इंडियन’ म्हणत त्यांच्या, मुलांसाठी सरकारने १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत काढलेली ती निवासी शाळा. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, शेतकाम, धुणं, शिवण. आणि या शाळेची टीम मोठमोठ्या कॉलेजांशी त्यांच्या मैदानांवर जाऊन खेळायची.

त्या मोसमात बारा सामन्यांपैकी अकरा जिंकले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला १६-० ने हरवलं, त्यानंतर गाठ हार्वर्डशी. हार्वर्डच्या प्रशिक्षकाने सुरुवातीला आपले मुख्य खेळाडू बसवूनच ठेवले होते. कार्लाइलचा जिम थॉर्प दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून उतरला आणि त्याने चार फील्ड गोल मारले, म्हणजे लाथेने चेंडू गोलाच्या दोन खांबांमधून पार केला. तेव्हा एका फील्ड गोलचे तीन गुण मिळत. म्हणजे अठरापैकी बारा त्याच्या एका पायाचे. मुख्य खेळाडू आले तोवर फार उशीर झाला होता. परवा पोराचा घोटा मुरगळला तेव्हा मी त्याला जिन्यावरूनही चढू दिलं नव्हतं. त्या दुखऱ्या पायाकडे बघायला तिथे कोण होतं?

पुढच्याच आठवड्यात सिराक्यूज विद्यापीठाकडून ते ११-१२ असे हरले. एका गुणाने! शंभरावर वर्षं झाली, तरी हा एक गुण मला लागतो.

पण त्याहून जास्त लागते ती चेंडूवरची अक्षरं. शाळा काढणाऱ्या रिचर्ड प्रॅटचं १८९२ मधलं वाक्य प्रसिद्ध आहे: त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. मुलं आली की केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलायचं, आपली भाषा बोलली की शिक्षा. मी इथे पोराशी हट्टाने मराठीत बोलते. तो अर्ध्या वेळा इंग्रजीत उत्तर देतो, तेवढ्यानेसुद्धा माझ्या पोटात तुटतं. त्या आयांची मुलं तर आगगाडीत बसवून शेकडो मैल दूर नेली होती. काही परत आलीच नाहीत. कार्लाइलला आजही त्यांच्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. गेल्या काही वर्षांत काहींचे अवशेष त्यांच्या जमातींना परत मिळाले.

आणि जे नाव पुसण्यासाठी ही सगळी यातायात चालली होती, नेमकं तेच नाव चेंडूवर. तेसुद्धा हार्वर्डच्या वर. खरं तर तेही परक्यांनीच दिलेलं नाव. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा, त्याचं स्वतःचं नाव वा-थो-हुक. आम्हालाही इथे इंडियनच म्हणतात, पण मला परत जायला माझं गाव आहे.

तो खेळ त्यांना शाळेनेच दिला, त्यांच्या नावावर पैसाही शाळेनेच कमावला, हे मला कळतं. तरी त्या शनिवारचा आनंद त्या पोरांचा होता, असंच मला वाटतं. तो शाळेच्या खात्यात मांडायला माझं मन तयार होत नाही.

जेवताना फोटो पोराला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग मराठीत म्हणाला, "आई, यांच्या आया मॅच बघायला आल्या होत्या का गं?"

मी नाही म्हटलं. तो ताटावरून उठून आपणच बादलीपाशी गेला आणि जर्सी पिळायला लागला.