कपातलं वांगं

लहानपणी स्वयंपाकघरातलं एकच काम माझ्याकडे होतं, दुधाकडे बघणं. आई पातेलं शेगडीवर चढवायची, ‘जरा बघ रं’ म्हणायची आणि कपडे वाळत घालायला परड्यात जायची. मी बघत बसायचो. दूध इतकं निपचित पडलेलं असायचं की आता काही हे हलत नाही असं वाटून मी खिडकीबाहेर बघायचो, आणि नेमकं तेव्हाच ते वर यायचं. मग फडकं, सांडशी, पळापळ, आईचा आवाज. आज मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि या कामात माझी फारशी प्रगती नाही. नव्या घरात दूध उतू घालायची पद्धत आहे, तेवढ्यापुरता काय तो माझा उपयोग.

अशा माणसाला लेकीने पहिल्या पगारातून कॉफीचं यंत्र आणून दिलं. ती पुण्यात असते. तिथल्या एका कॅफेत कपावरचं पांढरं पान बघून मी ‘हे छापतात का गं?’ असं विचारलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं. छापत नाहीत. कॉफीत दूध ओतता ओतताच ते उमटतं. (काडीने कोरून काढलेली चित्रंही असतात, पण ओतणारी मंडळी त्यांच्याकडे जरा वरूनच बघतात, हे मला पुढे कळलं.) सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, भरपूर साखरेची आणि वरून जायफळ किसलेली. तीही पाहुणे आले तर किंवा कुणाला जागायचं असेल तर. एरवी चहा. त्यामुळे ते चकचकीत यंत्र मिक्सरशेजारी आठवडाभर नव्या जावयासारखं बसून होतं. हात लावायची कुणाची हिंमत होईना.

कॉफीचा भाग त्यामानाने सोपा निघाला. १८ ग्रॅम बारीक दळलेली पूड दाबून बसवायची. ९ बार दाबाने गरम पाणी तिच्यातून जातं आणि २५ ते ३० सेकंदांत तळाशी दोन घोट दाट अर्क जमतो. त्याच्यावर सोनेरी तपकिरी थर असतो, त्याला क्रेमा म्हणतात. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो दाबाखाली पाण्यात मिसळतो आणि बाहेर येताना बारीक बुडबुडे होऊन सुटतो. तो थर म्हणजे आपली पाटी. पेन्सिल म्हणजे दूध. आणि दुधाचा नि माझा इतिहास वर सांगितलाच आहे.

सगळ्यात सोपं चित्र बदामाचं, असं सगळे सांगतात. पत्त्यातला बदाम. माझा पहिला बदाम एका अंगाला फुगला, दुसऱ्या अंगाला चेपला, आणि शेवटी जी बारीक धार मधून न्यायची असते ती भलतीकडेच जाऊन वाकडी राहिली. आईने चष्मा वर करून बघितलं.

“वांगं काढलंयस व्हय? देठ बरा जमलाय.”

कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती मोठी, त्यामुळे हा अपमान आहे की कौतुक, हे मला ठरवता आलं नाही. पुढचे तीन आठवडे मी वांगीच काढली. काही भरल्या वांग्याच्या मापाची, काही भरताची. बायको दारातूनच विचारायची, “अहो, आज किती किलो?”

मी दोष दुधाला दिला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. आमच्याकडे रतीब म्हशीच्या दुधाचा. दूध आलं की आई ते खळखळून तापवते, निववते आणि बोटभर साय धरते. मी तेच वापरत होतो. यंत्राची वाफेची नळी घातली की सायीचे तुकडे गरगरायचे आणि धुण्याच्या बादलीवर असतो तसा फेस यायचा. हवं होतं न तापवलेलं, फ्रिजमधलं गार दूध. गार असलं की वाफ देताना हाताला जरा वेळ मिळतो.

“कच्चं दूध पिणार?” आई म्हणाली. मी पिशवीचं दूध आणलं आणि तिला समजावलं की हे डेअरीतच ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून गार केलेलं असतं. “कुणी बघितलंय?” असं तिने विचारलं. चाळीस वर्षं मला बघायला बसवणाऱ्या बाईने हे विचारणं साहजिकच होतं.

वाफ देणं हा या विद्येचा खरा जीव. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं, की कागद फाटल्यासारखा फर्र फर्र आवाज येतो. तेव्हा दुधात हवा जात असते. तीन-चार सेकंद, बस. मग टोक थोडं आत बुडवून जग, म्हणजे दुधाचं चोचीचं भांडं, असा तिरका धरायचा की दूध भोवऱ्यासारखं फिरायला लागेल. त्या फिरण्यात मोठे बुडबुडे फुटून इतके बारीक होतात की वेगळे दिसतच नाहीत. दुधातली प्रथिनं त्यांच्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. जमलेलं दूध फेसाळ दिसत नाही, नुकत्याच मारलेल्या ऑइलपेंटसारखं चमकतं आणि जगात जडपणे हिंदकळतं. आणि हे सगळं ५५ ते ६५ अंशांत उरकायचं. त्याच्यापुढे गेलं की फेस भरड होतो, चकाकी उतरते, गोडवाही मागे पडतो. थर्मामीटर नसेल तर तळहात जगाला लावून ठेवायचा आणि चटका बसून हात लावून ठेवणं अशक्य झालं की नळी बंद करायची.

सांगलीच्या माणसाला चढती पातळी बघायची सवय असते. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा आकडा विचारतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. मी दुधालाही तेच लावलं. ५५ला इशारा, ६५ला धोका. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की पुराच्या वेळी तुम्ही एवढं लक्ष देत नव्हता.

बिघडलेलं दूध फुकट घालवणं आमच्या घरात शक्य नाही. पहिले काही दिवस ते कॉफीसकट मीच पीत होतो, मग रात्री दोन वाजता छताचा पंखा मोजायला लागलो. पंखा एकच आहे. नंतर उरलेलं वाफाळलेलं दूध आईने विरजायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दही पातळ लागलं. “तापलंच नव्हतं ते,” तिने निकाल दिला. वाचलं तर तिचंच बरोबर होतं. दूध चांगलं तापलं की त्यातल्या पाण्यासारख्या भागातली प्रथिनं उलगडतात, केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही घट्ट बसतं. म्हणजे मी जिथे नळी बंद करतो, तिथून पुढे तिचं काम सुरू होतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, “मग तेच तर म्हणतेय.”

दूध वाचवायची एक युक्ती मिळाली. गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा आणि वाफ द्यायची. हुबेहूब दुधासारखं पांढरं, तकतकीत होतं आणि सराव फुकटात. या युक्तीतला धोका मात्र कुणी सांगितला नव्हता. मी जग ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलो आणि बायकोने चहात ते ‘दूध’ घातलं. चहाला फेस मस्त आला होता.

एकदा दूध जमायला लागलं, तरी वांगी संपेनात. कारण दुधात नव्हतंच. लेकीने व्हिडिओ कॉलवर माझं ओतणं बघितलं आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मध्येच हात का उचलता?” ओतताना सुरुवातीला जग उंच धरायचा. बारीक धार चार बोटं वरून पडली की दूध तपकिरी थर भेदून खाली जातं, वर पांढरं काही दिसत नाही. कप अर्ध्याच्या वर भरला की जगाची चोच थेट कॉफीला टेकेल इतकी खाली आणायची आणि धार वाढवायची. तेव्हा हलका फेस वर तरंगतो आणि चित्र उघडतं. म्हणजे कप काठाशी यायला लागला की आणखी जवळ जायचं, आणखी ओतायचं. आणि मी तिथेच दचकून हात वर घ्यायचो, धार बारीक करायचो. भरत आलेलं भांडं दिसलं की मनगट आपोआप मागे येतं. ‘बघ रं’ असा आवाजही ऐकू येतो.

पानाचा नमुना, ज्याला तिकडे रोझेटा म्हणतात, तो अमेरिकेत सिएटलच्या डेव्हिड शोमर यांनी १९९२ साली बसवला, तोही इटलीतल्या एका कॅफेचा फोटो बघून. एका फोटोवरून! माझ्या फोनमध्ये संथ गतीतले सतरा व्हिडिओ आहेत. मनगट दोन्ही बाजूंना अगदी थोडं हलवत जग मागे मागे न्यायचा, पांढऱ्या रेघा एकीवर एक दुमडत जातात, शेवटी जग उचलून बारीक धार मधून पुढे काढायची. ती मधली शीर. लिहायला सोपं आहे.

गेल्या रविवारी ते झालं. हात मध्येच उचलला नाही. कप काठापर्यंत भरला, पृष्ठभाग थोडा फुगला, सांडला नाही, आणि पान उमटलं. एका बाजूला चार रेघा जास्त, पण पान. मी कप दोन्ही हातांनी धरून आईसमोर नेला.

“हळदीचं पान,” ती लगेच म्हणाली. तिचं माहेर वाळवा तालुक्यातलं, हळदीच्या रानातलं. मी कधी त्या अंगाने बघितलं नव्हतं. मधली शीर आणि तिरप्या रेघा, खरंच तसंच. ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली. मग उठली, किसणी काढली आणि पानावर जायफळ किसलं.

“अगं आई!”

“त्याशिवाय कॉफी व्हय?” पांढऱ्या पानावर तपकिरी ठिपके पडले. तिने कप जरा तिरका करून बघितलं. “करपा पडला बघ,” ती हसत म्हणाली आणि दोन चमचे साखर घालून ढवळायला लागली.

तेवढ्यात पाठीमागे शेगडीवर चर्रर्र आवाज झाला. रतिबाचं दूध. ते सकाळी माझ्याकडेच सोपवलं होतं.