पिशवीतली दुसरी साडी

दुपारी पावणेएकला लक्ष्मी रोडवरच्या दुकानात जाऊन कालच घेतलेला कुर्ता बदलून मागणं, याला माझ्या लेखी पराक्रम म्हणतात. माझ्यात तो नाही. कुर्ता अजून कपाटात आहे, लेबलासकट.

एरवी पराक्रम म्हटला की आम्हां पुणेकरांना शनिवारवाडाच आठवतो. पाहुणे आले की मी त्यांना दिल्ली दरवाजा दाखवते. हत्तींनी धडक मारू नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे पोरं मान वर करून मोजतात आणि सगळे खूश होतात. मग पोटात कावळे ओरडायला लागले की दगडूशेठवरून तुळशीबागेकडे. वाटेत भिडे वाडा लागतो. म्हणजे लागायचा, स्मारकासाठी तो २०२३ च्या डिसेंबरात पाडला. तिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा जेमतेम १७ वर्षांच्या. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत आणखी एक साडी न्यायच्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

मला मात्र त्या गोष्टीत शेणापेक्षा साडीच जास्त दिसते. शेण अंगावर पडलं की माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाला बळ आपोआप येतं. पण सकाळी, घरात, अजून काहीच झालेलं नसताना ती साडी घडी करून पिशवीत ठेवायची? आज काय होणार ते ठाऊक आहे, उद्याही तेच होणार आहे, आणि जायचं तर आहेच. पावसाळ्यात काय करत असतील? जुलैत माझी सुती साडी दोन-दोन दिवस वाळत नाही. इतिहासाच्या पुस्तकात असले प्रश्न नसतात, पण मला तेच पडतात.

हे सगळं डोक्यात आलं ते आमच्या तळमजल्यावरच्या नानांमुळे. नाना म्हणजे सवाई गंधर्वचे जुने वारकरी. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. तो रमणबागेत व्हायचा तेव्हा नाना तिथे शाल पांघरून भारतीय बैठकीत बसणाऱ्यांपैकी. दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आणि त्या डिसेंबरात ते गेले नाहीत. ‘आता पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही’ म्हणाले. आम्हाला ते खरं वाटलं, कारण पंच्याहत्तरीनंतर पुण्यात सगळेच असं म्हणतात.

पुढच्या डिसेंबरात त्यांनी मला हाक मारली. “सवाईला, मुकुंदनगरला येतेस का? रिक्षा अर्धी-अर्धी.” हातात कापडी पिशवी.

“डबा घेतलात?”

“विजार,” नाना म्हणाले. मी गप्प. तेव्हा त्यांनीच, पेपरातली बातमी सांगावी तसं सांगितलं, “ऑपरेशनपासून ताबा राहत नाही गं. खोकला आला की संपलं. वर्षभर घरी बसून पाहिलं. रेडिओला टाळ्या वाजवता येत नाहीत.”

मला काय बोलावं ते सुचेना. मी पिशवी धरायला हात पुढे केला. “राहू दे, जड नाहीये,” म्हणाले.

तिथे मी सवयीने मधली जागा धरायला निघाले. नानांनी कडेची खुर्ची घेतली, बाहेर जायच्या वाटेवरची. पिशवी मांडीवर. तासाभराने, ख्याल चांगला रंगात आला असताना, द्रुत म्हणजे जलद लयीतली बंदिश अजून यायची होती तेव्हा, ते उठले. आमच्या रांगेतल्या एका बाईंनी ‘ऐन गाण्यात कसले उठतात’ असा खास पुणेरी कटाक्ष टाकला. मला त्यांना काहीतरी सुनवावंसं वाटलं. सुनावलं नाही. कुर्ता न बदलणाऱ्या बाईकडून आणखी काय होणार!

नाना बऱ्याच वेळाने परत आले. जाताना करडी विजार होती, आता तपकिरी. पिशवी खुर्चीखाली सरकवली, शाल नीट केली आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं,

“द्रुत सुरू झाली का गं?”