१९ ऑगस्ट: सीएसएमटी ते बदलापूर, व्हाया अंधेरी

लोकलने बदलापूर ते मुंबईचं सीएसएमटी ६८ किलोमीटर, आणि संध्याकाळी तेवढंच परत. चौदा वर्षं हा प्रवास करतेय, त्यामुळे गाडी दहा-पंधरा मिनिटं लेट झाली तर घरीसुद्धा कुणी विचारत नाही. पण १९ ऑगस्ट २०२५ ला मेन लाइन, म्हणजे आमची मध्य रेल्वेची लाइन, पावसाच्या पाण्याने सीएसएमटीपासून ठाण्यापर्यंत बंद पडली. त्या दिवशी मी अकराच्या सुमारास ऑफिसातून निघाले आणि घराचं कुलूप उघडलं तेव्हा सहा वाजून गेले होते. त्या दिवशीचे काही निर्णय बरोबर आले, एक साफ चुकला. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना, त्यातही नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलींना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

चूक सकाळचीच. आदल्या दिवशीही पाऊस कोसळला होता. पहाटे पत्र्यावरचा आवाज ऐकूनच कळत होतं की आज काही खरं नाही. तरी नेहमीची गाडी पकडली. ठाणे सुटल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला, शक्य असेल त्यांनी घरून काम करा. त्याच वेळी मुलुंडला उतरून समोरच्या फलाटावरून डाउन, म्हणजे घराकडे परत जाणारी गाडी धरायला हवी होती. तेव्हा डाउन गाड्या चालू होत्या, डबे रिकामे जात होते. पण एवढ्या लांब आलोच आहोत तर जाऊनच येऊ, असं मनात आलं. हा विचार पावसाळ्यात फार महागात पडतो. ठाण्याच्या अलीकडे असा निरोप आला तर विचार न करता मागे फिरा. ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्याकडची बाजू बहुतेक वेळा चालू राहते. पाणी भरतं ते कुर्ला, सायन, माटुंगा या सखल पट्ट्यात, आणि पुढे मशीदच्या आसपास.

विद्याविहारच्या पुढे गाडी उभी राहिली. मी दाराशी होते, खाली बघत होते. आमच्या डब्यातल्या जुन्या बायका एक खूण सांगतात आणि ती मी इतक्या वर्षांत पारखून घेतलीय. रुळांच्या मधली खडी दिसतेय तोवर काळजी नाही. खडी बुडाली, रुळांखालचे आडवे स्लीपर दिसेनासे झाले, तर गाडी मुंगीच्या पावलांनी जाईल. रुळाचा चकचकीत माथा पाण्याखाली गेला की गाडीची आशा सोडायची. लोकलच्या मोटरी डब्याच्या खाली, चाकांजवळ असतात. पाणी रुळाच्या वर काही इंच चढलं की त्या जळायची भीती असते, म्हणून वाहतूक थांबवतात. त्याआधीच सिग्नल आणि पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे सांधे, दगा द्यायला लागलेले असतात. त्या सकाळी पाणी स्लीपरवर होतं, वर तपकिरी फेस, त्यात एक चप्पल तरंगत चाललेली. माथा मात्र दिसत होता. अर्ध्या तासाने गाडी हलली आणि रखडत का होईना, सीएसएमटीला पोचली.

ऑफिसात जेमतेम दीड तास बसलो असू. साहेबांनी सगळ्यांना जायला सांगितलं. स्टेशनवर आले तर इंडिकेटर कोरे, आणि फलाटांसमोरच्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा नाही. लोक एकच प्रश्न विचारत होते, गाडी कधी सुटणार? माझं अनुभवाचं सांगणं आहे, हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर स्टेशन मास्तरकडेही नसतं. दोन गोष्टी विचारा: कुठून कुठपर्यंत बंद आहे, आणि कशामुळे बंद आहे.

कुठपर्यंत हे कळलं की आपला प्रवास किती उरला ते कळतं. मला त्या दिवशी बदलापूर गाठायचं नव्हतं, ठाणे गाठायचं होतं, कारण ठाण्याहून कर्जत आणि कसाऱ्याकडे गाड्या सोडत होते. आणि कारण कळलं की थांबायचं की निघायचं हे ठरवता येतं. सिग्नल किंवा पॉइंट बिघडला असेल तर साधारण अर्ध्या-पाऊण तासात गाड्या हलतात, तेव्हा जागा सोडू नका. थंडीत पहाटे रूळ आकसून तडकतो. तिथे पट्टी बसवून गाड्या हळूहळू सोडतात, तासाभराचा खोळंबा धरा. ओव्हरहेड वायर तुटली तर दोन तास तरी गेलेच, आणि त्यानंतरही मागे अडकलेल्या गाड्या एकामागे एक सुटायला वेळ लागतो. पाण्याचं मात्र तसं नाही. पाऊस थांबला तरी समुद्राला भरती असेल तर पाणी उतरतच नाही. पावसाळ्यात भरतीच्या वेळा पेपरात रोज छापून येतात. सकाळी त्यावर नजर टाकून निघायची सवय लावून घ्या. पाण्यामुळे लाइन बंद आहे असं कळलं की दुसऱ्या रस्त्याला लागायचं, आणि पहिल्या अर्ध्या तासातच लागायचं. तासाभराने हजारो लोकांना तोच रस्ता सुचलेला असतो.

नवी मुंबईकडे जाणारी हार्बर लाइनही सीएसएमटी ते कुर्ला बंद होती. चर्चगेटहून सुटणारी वेस्टर्न लाइन चालू होती, संथ, पण चालू. मी आणि आमच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कंपनीतली एक मुलगी, दोघी निघालो. ती नेरळची, नोकरीला लागून दोन महिने झालेले. डोळे भरून आले होते. मी तिला एवढंच म्हटलं, "माझा हात सोडू नकोस आणि फोन पिशवीत टाक."

डी. एन. रोडने हुतात्मा चौक, तिथून वीर नरिमन रोडने चर्चगेट. एरवी वीस मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी चाळीस लागली. मरीन लाइन्स जवळ पडतं, असं कुणीतरी म्हणालं. तिकडे जाऊ नका. गाडी जिथून सुटते तिथेच चढावं, म्हणजे बसायला मिळतं. पुढे सहा-सात तास जाणार असतील तर तो एक तास बसून काढणं फार मोलाचं असतं. चर्चगेटला स्टेशनातल्या स्वच्छतागृहात आधी जाऊन आलो. बायकांनी हे अगदी मनावर घ्या. सोय दिसली की जायचं, गरज वाटायची वाट बघायची नाही. गाडी मध्येच तीन तास उभी राहिली म्हणून पाणीच प्यायचं नाही असं करणाऱ्या किती जणी मी बघितल्यात, आणि त्यातल्या एकीला चक्कर येऊन पडतानाही बघितलंय.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. आपला पास मेन लाइनचा. वेस्टर्नला दादरच्या पुढे तो चालत नाही, अंधेरीचं तिकीट काढावं लागतं. गडबडीत लोक विसरतात.

स्लो गाडीने अंधेरीला पोचायला सव्वा तास लागला. तिथून मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही लाइन ११ किलोमीटरच्या आसपास आहे आणि पूर्ण उन्नत, त्यामुळे खालच्या पाण्याचा तिला त्रास नाही. आमच्यासारख्यांना पश्चिमेकडून पूर्वेला आणणारा तोच सगळ्यात भरवशाचा पूल. फक्त गर्दी अशी होती की तिसऱ्या गाडीत शिरता आलं. उशीर झाला तरी चालेल, पण कोंबून घेऊ नका. त्याच संध्याकाळी चेंबूरकडे मोनोरेल वाटेत अडकली आणि आतल्या शेकडो लोकांना शिड्या लावून बाहेर काढावं लागलं. हार्बर बंद म्हणून सगळी गर्दी मोनोवर लोटली होती.

घाटकोपरला मेट्रो पश्चिमेला उतरवते. समोर एल. बी. एस. मार्ग, त्यावर बसही दिसत होती. एक पोलीस मावशी म्हणाल्या, "ताई, भांडुपला पाणी आहे, हायवेने जा." त्यांचं ऐकलं. रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला उतरलो आणि हायवेपर्यंत चालत गेलो. तिथे अंबरनाथच्या एक काकू भेटल्या. तिघींत एक रिक्षा केली, माणशी दीडशे. एरवीपेक्षा जास्तच, पण रिक्षावाला दादा स्वतः ठाण्याच्या साकेतला राहणारा, घरीच निघालेला. त्याने वाटेत दोनदा काच पुसायला गाडी थांबवली आणि एकदा आम्हाला चहा पाजला. चहाचे पैसे घेईना. ऑनलाइन पैसे जात नव्हते, नेटवर्क झोपलं होतं. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा कायम असतात, त्यावरच आमचं निभावलं. फोनवर सगळे व्यवहार करणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा आणि ते एरवी खर्चू नका.

कोपरीला उतरून ठाणे पूर्वेकडून स्टेशनात शिरलो. पश्चिमेकडून शिरायला गेलात तर बाजारपेठेच्या गर्दीतच अर्धा तास जातो. कर्जत गाडी लागलेली होती, खच्चून भरलेली. ती आम्ही सोडली. काकूंना पटत नव्हतं, पण पहिल्या गाडीवर सगळ्यांचा जीव एकवटलेला असतो आणि दारातून पडण्याचे प्रकार तिथेच होतात. पंचवीस मिनिटांनी दुसरी आली. उभ्याने, पण दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आलो. कल्याणला डबा थोडा मोकळा झाला, अंबरनाथला काकू उतरल्या, त्यानंतर माझं बदलापूर.

ऑफिसातला आमचा एक सहकारी मुलुंडला राहतो. तो निघालाच नाही. खुर्चीवर बसून राहिला, खालून वडापाव मागवला, आणि आठेक तासांनी मेन लाइन सुरू झाल्यावर निवांत गेला. त्याचंही बरोबरच होतं. घर ठाण्याच्या अलीकडे असेल, ऑफिसात वीज-पाणी असेल, तर थांबणं कधीही चांगलं. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जतवाल्यांना ती चैन परवडत नाही, कारण आपल्याकडे दुसरी भीती असते, उल्हास नदीची. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी बोटींतून आणि गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर आले. म्हणून वरून पाऊस वाढतोय असं घरच्यांकडून कळलं की मी अंधार पडायच्या आत कल्याण ओलांडायचं बघते. आणि बदलापूरच्या पुढे गाडी जात नसेल तर त्या रात्री कल्याण-डोंबिवलीत कुणाकडे तरी मुक्काम करायचा. असं एक घर प्रत्येकाने आधीच बोलून ठेवावं.

एक बदल त्यानंतर झालाय. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. सीएसएमटीला खाली उतरायचं, मरोळ नाक्याला वर येऊन घाटकोपरची मेट्रो धरायची. चर्चगेटपर्यंत चालणं आणि अंधेरीचं बदलणं दोन्ही वाचतं. पाऊस नसताना मी हा रस्ता मुद्दाम एकदा करून पाहिला, कुठला जिना, कुठलं दार, सगळं बघून ठेवलं. तुम्हीही सुटीच्या दिवशी एकदा करून बघा, अडचणीच्या दिवशी पाट्या वाचायला वेळ नसतो. डोंबिवली-कल्याणवाल्यांना आणखी एक वाट आहे. ठाणे ते कल्याण बंद पडलं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईत उतरायचं आणि महापे, शिळफाट्यावरून जाणारी कल्याणची बस धरायची. शिळफाट्याला ट्रॅफिक फार असतं, वेळ हाताशी धरून चला.

आणि दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली तर रुळावर उतरू नका. विशेषतः बायकांनी. डब्याचा पाय-टेका जमिनीपासून केवढा उंच असतो ते फलाटावर उभं राहून कळत नाही. शेजारच्या रुळावरून कधी गाडी येईल सांगता येत नाही, पाण्याखाली खडी आहे की गटार हे दिसत नाही, आणि वर २५ हजार व्होल्टची तार असते, ती तुटून खाली लोंबत असू शकते. मी चौदा वर्षांत एकदाच उतरलेय, रेल्वेच्या माणसांनी शिडी लावून उतरवलं तेव्हा. डबा कितीही कोंदट झाला तरी डबाच सुरक्षित.

माझ्या पिशवीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असतं ते असं: पाण्याची लहान बाटली, चिक्की, चार्ज केलेली पॉवर बँक, दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्या, एक फोनला आणि एक पासला, रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या, एक जुनी ओढणी. ओढणीचा उपयोग फार होतो. डोकं पुसायला, बसायला, आणि एकदा तर डब्यात दार धरून उभ्या असलेल्या बाईच्या बाळाला दांडीशी धरून ठेवायलाही झाला. फोनवर सगळं अवलंबून ठेवू नका. घरचे दोन नंबर कागदावर लिहून ठेवा.

नेरळच्या त्या मुलीला मी बदलापूरला उतरताना सांगितलं होतं, घरी पोचलीस की दोन शब्द टाक, नाहीतर मला झोप लागायची नाही. सव्वासातला तिचा मेसेज आला. "पोचले काकू. आई दारातच उभी होती."