वेस्ट हार्टफर्ड: कोशकाराच्या बाराखडीपाशी

अमेरिकेत कनेटिकटमधल्या वेस्ट हार्टफर्डला अमेरिकी इंग्रजीचा कोशकार नोआ वेबस्टर याचं जन्मघर बघायला लोक येतात ते ‘कलर’मधला ‘यू’ कुणी काढला हे पोरांना दाखवायला. मधोमध चिमणी असलेलं साधं लाकडी शेतकरी घर, अर्ध्या तासात बघून होतं. रोज उघडं नसतं, तेव्हा वार बघूनच निघावं. 1758 साली तो इथे जन्मला आणि त्याला येल कॉलेजला पाठवायला बापाने शेती गहाण टाकली.

खरा वेळ द्यावा तो त्याच्या 1783 च्या स्पेलिंगच्या पुस्तकाला. निळ्या कागदी वेष्टणामुळे त्याला ‘ब्लू बॅक स्पेलर’ म्हणत. सुरुवातीच्या पानांवर मराठी माणूस थबकतोच: बा, बे, बी, बो, बू. चक्क बाराखडी! पुढे शब्दांची फोड. आधीच्या डिलवर्थच्या इंग्लंडी पुस्तकात ‘क्लस्टर’ मोडायचा ‘क्लू-स्टर’ असा. पोर आधी ‘क्लू’ वाचणार आणि अडणार. वेबस्टरने कानाचं ऐकून ‘क्लस-टर’ केलं. शब्दाच्या शेवटच्या ‘शन’चे (tion) डिलवर्थ दोन तुकडे करायचा, याने एकच ठेवला.

फोड जमली की वाचायला दिलेलं वाक्य: देवाचा कायदा कोणाला टाळता येत नाही. मूळ इंग्रजीत त्यातला एकही शब्द तीन अक्षरांहून मोठा नाही. म्हणजे मुळाक्षरं घोटता घोटताच नीतीचा धडा. त्याच पुस्तकात झाडावर चढून सफरचंदं चोरणाऱ्या पोराची गोष्ट आहे. म्हातारा आधी गोड बोलतो, मग गवताचे झुपके फेकतो. पोरगं हसतं. शेवटी दगड सुरू झाल्यावर मुकाट्याने उतरून माफी मागतं. साम आणि दंड. दाम-भेदाला जागाच नाही.

हेच त्याचं राज्यशास्त्रही, असं माझं मत. 1790 च्या निबंधसंग्रहात तो मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतो, पोरांना शिकायला युरोपला धाडू नका म्हणतो, मास्तर चारित्र्याचा हवा असा हट्ट धरतो. आणि लगेच: घरात आणि शाळेत सत्ता निरंकुश हवी, आईच्या निकालावर बापाकडे अपील नको! प्रजासत्ताकाचा नागरिक घडवायचा, पण घडवणारं घर मात्र राजेशाही. याच संग्रहात बायबल वाचनपुस्तक म्हणून वापरायला त्याचा विरोध आहे. रोजच्या घोकंपट्टीने आदर उडतो, हे कारण.

1808 च्या सुमारास तो कडवा श्रद्धाळू झाला आणि लोकशाहीवरचा विश्वास ओसरत गेला. त्याचा 1828 चा इंग्रजी कोश, सुमारे सत्तर हजार शब्दांचा, काढून ‘एज्युकेशन’ची नोंद वाचा. व्याख्या संपता संपता उपदेश सुरू होतो: कला-विज्ञानाचं शिक्षण महत्त्वाचं, धर्माचं मात्र अत्यावश्यक. कोशात असं घुसवणं मला खटकतं, पण तो लपवत तरी नाही. (पुढच्याच वर्षी, 1829 मध्ये, मुंबईत पंडितांचा मराठी कोश निघाला.)

1843 मध्ये तो न्यू हेवनला वारला. कबर ग्रोव्ह स्ट्रीटच्या दफनभूमीत आहे. तिच्या इजिप्शियन धाटणीच्या दरवाजावर ‘मृत उठवले जातील’ असं कोरलंय. न्यू हेवनमधलं त्याचं राहतं घर मात्र शोधत बसू नका. येल ते पाडणार होतं. हेन्री फोर्डने ते उचलून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला नेलं.